चालत्या गाडीतली जांभई

वणी, रविवार, रात्र

सुजाता सुखरूप पोचली, तरी फोन अजून वहीशेजारीच ठेवला आहे.

परदेशात राहणारी माझी लेक सकाळभर स्पेनमधल्या सेव्हियाच्या गल्ल्या पायी हिंडली, जेवली आणि एकटीच गाडी घेऊन कोर्डोबाकडे निघाली. तिकडे दुपार, इथे दिवेलागण. वाटेतून तिचा फोन.

"बाबा, डोळे मिटून राह्यले माझे. बोला ना काही."

"आधी बाजूला थांबव."

"हायवेवर कुठं थांबवू, बाबा? पंप दिसला की थांबते."

आमचे कोळशाचे ट्रकवाले क्लीनरला झोपू देत नाहीत, ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून त्यानं बोलत राहायचं. पण मी काय बोलणार? सुचल्या त्या शाळेतल्या कविता. चालीवर म्हणू लागलो आणि नेहमीसारखा त्यातच हरवलो. तिनं जांभई दिली. तेव्हा कुठे आठवलं, याच कविता, याच चालीत म्हणून मी तिला मांडीवर निजवायचो! गप्प झालो, तर पलीकडेही गप्प. नुसता चाकांचा आवाज.

"सुजू!" असा ओरडलो की शेजारी दारात आले.

"कान फाटला ना, बाबा! कायले ओरडता?"

ती जांभई कानातून जात नाही. आता ती मजेत कोर्डोबा पायी बघत असेल. उद्या ग्रानाडा, तेही एकटीनंच. पुन्हा फोन करीन म्हणाली.

उद्या कविता नकोत. तिची झोप हमखास उडवील असा एकच विषय आमच्यात आहे, कायमची परत कधी येतेस? किती दिवस टाळला मी तो. उद्या विचारावाच लागेल.

आणि तिनं खरं उत्तर दिलं तर?