नकटोबाचा आवाज

प्रिय धाकट्या,

संमतीपत्र पोचलं. डावीकडे तुझी सही आहे, उजवीकडची जागा माझ्यासाठी मोकळी. फोन केला असतास तर तिथल्या तिथे चार गोष्टी ऐकवल्या असत्या. पण तू आणि फोन, मला ठाऊक आहे. म्हणून मीही कागदच घेतला. पुरतं वाच, मध्येच घडी घालून उशीखाली ठेवू नकोस.

नकटोबा कसा झाला, आठवतं? बाबांच्या कोटाचं अस्तर, फाटक्या गादीतला स्पंज, आणि डोळ्यांना दोन वेगवेगळ्या मापांची बटणं. नाक चिकटवून वाळत ठेवलं आणि तू नेमका त्यावर बसलास. मी पाठीत धपाटा घातला आणि मग दोघंही हसत सुटलो. बाहुला मी शिवला, पण जीव आला तो तुझ्या हाताने. होकार असला की तीनदा मान हलवायची, पटलं नाही की नाक चोळायचं. सात वर्षं टीव्हीवर तो एक अक्षर बोलला नाही, आणि घराघरांतली पोरं त्याच्या वतीने ओरडून उत्तरं देत राहिली.

सहा वर्षांपूर्वी ‘नवा नकटोबा’ काढायचा म्हणून कंपनीची माणसं आली, गोड बोलली, आणि आपण दोघांनी न वाचता सह्या केल्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. त्यांनी त्याचे डोळे एका मापाचे केले, नाक सरळ केलं, एक बायकोही करून दिली. तेवढं मी गिळलं. पण शेवटच्या भागात त्यांनी सांगून टाकलं की लहानपणी एका जादूगाराने त्याचा आवाज चोरला, म्हणून तो गप्प असतो. कुणी विचारलं होतं यांना? तरी मी मनाची समजूत घातली की नवं बिघडलं तर बिघडू दे, आपलं जुनं तर शाबूत आहे.

ते शाबूत नाही रे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची नात माझ्याकडे जुने भाग बघायला येते. पूर्वी नकटोबाने मान हलवली की ही टुणकन उठून त्याच्या वतीने बोलायची. नवा कार्यक्रम बघून आली आणि त्याच जुन्या भागासमोर मुकाट बसून राहिली. मग मला विचारते, “आजी, हा बरा कधी होणार?” चित्र तेच, मान हलवणारा हात तुझाच, पण पोरीला तिथे आता आजारी माणूस दिसत होता. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, पुन्हा न वाचता सही नाही.

आता म्हणे सिनेमा येतोय, त्याचंच हे संमतीपत्र. त्यात चोरलेला आवाज परत मिळणार, आणि मिळाल्यावर गडी एका दमात पाच विनोद सांगणार. कंपनीच्या बाईंनी कौतुकाने नमुना ऐकवला. लाह्या फुटाव्यात तसं बोलतो. आणि तुझ्या चिठ्ठीत एकच ओळ: ताई, आता तरी त्याला बोलू दे. ती वाचून मी रडले. इतकी वर्षं तुझ्या मनात हे होतं, आणि मला पत्ताच नाही.

चित्रीकरणाच्या त्या पहिल्या दिवसाचा विषय आपण कधी पुन्हा काढलाच नाही. आवाज तुझाच ठरला होता. लाल दिवा लागला आणि ‘मी नकटोबा’मधल्या पहिल्याच अक्षरावर तू अडकलास. दिग्दर्शक घड्याळ बघायला लागले, तुझे कान लालबुंद झाले, आणि मी पुढे होऊन म्हणाले की हा बोलतच नाही. तुला वाटलं, ताईने माझी लाज झाकली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी तेच केलं होतं. पण महिनाभरात पोरांची पत्रं यायला लागली, की नकटोबा आम्हाला आधी बोलू देतो म्हणून तो आवडतो. ते मला सुचलं नव्हतं, ते तुझ्या हाताने केलं होतं. तेव्हाच तुला जवळ बसवून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चूक माझी आहे.

म्हणून कागद सही न करता परत पाठवतेय. मागच्या बाजूला माझी अट लिहिली आहे, कंपनीलाही कळवली आहे. नकटोबाला बोलवायचंच असेल तर तो तुझ्या आवाजात बोलेल, अडखळेल तिथे अडखळेल, आणि त्यातलं एक अक्षर कापायचं नाही. जादूगारबिदूगार रद्द. कंपनीने नाही म्हटलं तर माझी सही मिळणार नाही, मग सिनेमा राहिला तरी बेहत्तर. पण त्याआधी या अटीला तुझा होकार हवा, आणि तो तीनदा मान हलवून चालणार नाही. फोन कर. पहिल्या अक्षरावर अडकलास तरी अडक. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

वाट बघणारी, तुझीच
ताई