अंगठ्याच्या मुळाशी

पीथमपूर

तीर्थरूप आईस अपूर्वाचा नमस्कार.

मी मजेत आहे. कारखान्याच्या दवाखान्यात कामगारांना हाताचे व्यायाम शिकवते. फोनवर तात्या शेजारी बसून ऐकतात, म्हणून हे पत्र गावी निघालेल्या अल्पनाताईच्या हाती पाठवते आहे.

आरतीचं तबक नेहमी तात्या धरतात, मग काल व्हिडिओ कॉलवर ते तुझ्या हातात कसं? तात्या नुसती डाव्या हाताने घंटा वाजवत होते, उजवा हात टॉवेलखाली. विचारलं तर म्हणाले, "अगं, नस चढली होती. मालिशवाल्या भूपेंद्र भियाने चोळून उतरवली." मला खरं वाटत नाही. ते पडले ना?

आई, मनगटात आठ छोटी हाडं असतात. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी खळगी पडते, तिच्या तळाला होडीच्या आकाराचं हाड असतं. तिथे हळूच दाबून बघ. कळवळले तर मालिश बंद कर आणि त्यांना देवासला हाडांच्या डॉक्टरांकडे ने. त्या हाडाला रक्त कमी पोचतं, मोडलं तर सहज जुळत नाही. पहिल्या एक्स-रेत कधी दिसतही नाही. मग तात्या सुतारकामाला रंधा कसा ओढणार?

"चार बुकं शिकली नि बापाला शिकवते," म्हणतील. म्हणू देत.

धाकट्या चिऊचा खोकला गेला का?

उत्तरात नुसतं "सगळं बरं आहे" आलं, तर मी पहिल्या बसनं खातेगावला येईन.

तुझी,
अपूर्वा