एका बाहीचे बावीस ब्लाउज

बाई, आधी आनंदाची बातमी सांगते. शिवणवर्गात तुमची रीत उलटी होती, आधी चुका आणि मग चहा, ते मला ठाऊक आहे. पण आज धीर निघत नाही. आज सकाळी अकराच्या सुमारास पतसंस्थेतून बेबाकी दाखला मिळाला. शिक्का मारलेला, सहीचा, अगदी साग्रसंगीत! 'यांच्याकडे कोणतीही बाकी येणे नाही' असं त्यात लिहिलंय, आणि मी ते तिथंच काउंटरपाशी उभी राहून तीन वेळा वाचलं. आतल्या मुलीनं विचारलं, ताई, काही चुकलंय का? म्हटलं, बाळा, काही चुकलेलं नाही, हेच तर बघतेय. मग स्कूटीवर बसले आणि किल्ली लावायची सोडून हसतच बसले. विश्रामबागेत भर रस्त्यात एक पन्नाशीला टेकलेली बाई एकटीच हसतेय, लोकांनी काय समजायचं ते समजू दे. दुकानात आले, दाखला टेबलावर ठेवला, पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर तुमची कात्री ठेवली, एक राहिलेलं जुनं काम हातात घेतलं, ते बहुतेक उरकल्यावर लिहायला बसले.

तुम्हाला मागचं काहीच माहीत नाही, तेव्हा थोडक्यात सांगते. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मला एका शाळेच्या गणवेशांची ऑर्डर मिळाली. मी हुरळले. पतसंस्थेचं कर्ज काढून मोटरची दोन मशीनं आणि कापडाच्या कडा बांधायचं एक इंटरलॉक घेतलं, गाळा मोठा घेतला, दोन बायका कामाला ठेवल्या. एक वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी शाळेनं तयार गणवेश आणायचं ठरवलं, आणि मी तीन मशीनं नि भाड्याचा गाळा घेऊन बसले. मग एक भोक बुजवायला दुसरं पाडायचं सुरू झालं. पेठेतल्या अस्तरवाल्या शेठजींकडून उधारीवर माल आणला. गल्लीतल्या भिशीची रक्कम सगळ्यांच्या आधी उचलली आणि पुढचे पैसे भरायचे थकवले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कराडच्या माझ्या थोरल्या नणंदेकडून तिच्या सोन्याच्या पाटल्या मागून आणल्या आणि सराफाकडे गहाण टाकल्या. 'दोन महिन्यांत सोडवते वन्सं,' असं म्हणाले होते. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, हातातून काढून दिल्या. आमच्या ह्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

पुढची दीड वर्षं मी काय केलं, ऐका. जो दारात येईल त्याला थोडं द्यायचं. शेठजींना पाचशे, भिशीच्या मावशींना तीनशे, पतसंस्थेच्या वसुलीवाल्याला अर्धा हप्ता, आणि प्रत्येकाला वर एक गोड 'उद्या'. सगळ्यांना वाटावं, आपलं काम सुरू आहे. एकाचंही संपत नव्हतं आणि पाटल्यांचं व्याज तर नुसतं वाढतच होतं. एका सकाळी कराडहून फोन आला. "पोरीचं ठरलं गं. पुढच्या मार्गशीर्षात लगीन. पाटल्या कवा आणून देतीस? तिच्या हातात त्याच घालायच्या हायत, माझ्या आईच्या हायत त्या." आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "आवं वन्सं, झालंच समजा, उद्या-परवा." फोन ठेवला आणि मशीन बंद केलं. कारण बोलले मी, पण ऐकू आली ती तुमच्या कोरेगावच्या वर्गातली एकोणीस वर्षांची मी.

तुम्ही विसरणार नाही ते. दिवाळीला दहा दिवस आहेत, तुम्ही भावाच्या आजारपणामुळे माहेरी गेलात आणि शिवणवर्ग माझ्या हवाली केलात. 'नवं काम घेऊ नको, आहे ते उरक,' एवढंच सांगितलंत. पण बाया येतात, कापड पुढं करतात, 'तू बाईंच्या हाताखालची, तुला काय अवघड,' म्हणतात, आणि मी फुगते. येईल ते घेते. कुणी विचारायला आली की तिला काम सुरू झालेलं दिसावं म्हणून मी युक्ती काढते: प्रत्येक ब्लाउजला एकेक बाही लावायची आणि दोरीवर टांगून ठेवायचा. बाई येते, आपलं कापड ओळखते, बाही बघते, खूश होऊन जाते. असे बावीस ब्लाउज, बावीस बाह्या. तुम्ही परत येता, हातातली पिशवीही खाली ठेवत नाही, दोरीकडे बघत उभ्या राहता. मला वाटतं आता कानाखाली बसणार. तुम्ही शांतपणे विचारता, "आगं, एका बाहीचं घालून बाया लक्ष्मीपूजनाला उभ्या ऱ्हाणार व्हय? दुसरा हात काय घरी ठेवायचा?"

मी रडत म्हटलं, रात्रंदिवस बसते, कुणाला कळू न देता उरकते. तुम्ही म्हणालात, "कळू न देता कशापायी? कळू दे की. तू खोटं एकेकीला एकटं गाठून सांगितलंस, खरं सगळ्यांना एकदम सांग." आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सगळ्यांना बोलावलंत! ओसरीवर सतरंजी, त्यावर बावीस ब्लाउज, भोवती बावीस बाया, आणि मध्ये मी. हात जोडून सांगितलं, मी फसवलं, सगळे होणार नाहीत. अहो, काय बोलल्या त्या! माझ्या सात पिढ्या निघाल्या. पण पाव तासानं एक म्हणाली, 'हिचा भाऊ मिलिटरीतून येतोय, हिचं आधी दे, माझं पाडव्याला चालंल.' मग दुसरी म्हणाली, 'माझं भाऊबीजेला.' तुम्ही खडूनं फळीवर तारखा लिहीत गेलात. एकेक ब्लाउज पुरता करायचा, पोचवायचा, मगच पुढचा हातात घ्यायचा. तेरा दिवाळीआधी झाले, नऊ नंतर, आणि एकही बाई तुमचा वर्ग सोडून गेली नाही.

तर बाई, मी तेच केलं! आधी ह्यांना सगळं सांगितलं, पाटल्यांसकट. ते उठले आणि शेजारून चार खुर्च्या मागून आणल्या. मी एका कागदावर माझे धनको लिहून काढले: पतसंस्था, शेठजी, भिशी, नणंद. सराफाला धरलं नाही, त्याच्याकडे तारण होतंच. पाचवी ओळ लिहिली आणि खोडली, त्याचं पुढं सांगते. चौघांनाही रविवारी सकाळी दहाला दुकानात बोलावलं. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच पैसे द्यायला बोलावलंय. एकमेकांना बघून चौघांची तोंडं बघण्यासारखी झाली. वसुलीवाला म्हणाला, "मॅडम, माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच बघतोय. आम्हाला बघून लोक मागच्या दारानं जातात, तुम्ही भडंग नि चहा देताय!" तुमची कात्री टेबलावर मुद्दाम समोर ठेवली होती, तीच कात्री, जी माझ्या लग्नात तुम्ही हातात न देता पाटावर ठेवलीत, कात्री हातात दिली की भांडण होतं म्हणून. मी उभी राहिले आणि सगळं मोठ्यानं वाचलं. कुणाचं किती देणं, शिलाईतून महिन्याला किती येतात, घराला किती लागतात, हातात किती उरतात. आणि पाटल्या गहाण आहेत, हेही. नणंदेनं पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघायचंच सोडलं. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शेठजी कडाडले. "म्हणजे माझे पैसे बुडाले म्हणा की!" वसुलीवाला म्हणाला, हप्ता निम्मा करून मुदत वाढवायची असेल तर लेखी अर्ज लागेल, संचालकांपुढं ठेवावा लागेल. दोघांचं सुरू झालं, आधी कुणाचं. आणि भिशीच्या मावशी, जतकडच्या, मंडईत भाजी विकतात, ज्यांच्या तोंडाला अख्खी गल्ली भिते, त्या चहाची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "गप बसा रं जरा. लगीन कुणाच्या घरात हाय?" नणंदेनं मान वर केली. मावशी म्हणाल्या, "मग हिचं आधी. शिंप्याकडं गेलं तर लग्नाचा ब्लाउज आधी शिवत्यात का रोजचा? आमची भिशी काय पळून चालली न्हाई, मी बायांना सांगते. पर मला तारीख पायजे, आन् तारीख चुकली तर हितं दारात यिऊन बसंन, भाजीची पाटी घिऊन!" बाई, तुमची आठवण येऊन मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. मावशींनी तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं, आणि बोलत होत्या कोरेगावच्या ओसरीवरच्या बायांसारख्या.

मग फळीवर खडूनं तारखा लिहिल्या. पतसंस्थेचा निम्मा हप्ता दर महिन्याला, उरेल ते सगळं पाटल्यांना. पाटल्या सुटल्या की भिशी, भिशी फिटली की शेठजी, शेवटी सगळा जोर पतसंस्थेवर. शेठजी तरी अडून बसले, म्हणून एक मोटरचं मशीन आणि इंटरलॉक विकून त्यांची निम्मी उधारी आठवड्यात चुकती करायचं कबूल केलं आणि केली, तेव्हा कुठं त्यांचा आवाज खाली आला. पैसे घेऊन जाताना म्हणाले, पुढचं अस्तर रोखीनं, पण माझ्याकडूनच न्यायचं. मोठा गाळा सोडला, लहानात आले. पतसंस्थेत अर्ज मंजूर झाला, दंडव्याजही थोडं सोडलं त्यांनी. सोपं नव्हतं बरं का. दुसऱ्याच महिन्यात शेठजी रस्त्यात भेटले, 'पाचशे तरी सोडा की' म्हणाले, आणि माझा हात पर्सकडे गेलासुद्धा. जुनी खोड! पण म्हटलं, शेठजी, तुमची तारीख फळीवर आहे, त्या दिवशी पुरे देईन. आणि दिले. अहो, त्या दिवशी त्यांनीच मला चहा पाजला.

लग्नाच्या अकरा दिवस आधी मी पाटल्या रुमालात बांधून कराडला गेले. नणंद भाजी निवडत होती. तिनं पाटल्या घेतल्या, उजेडात धरून नीट बघितल्या, पोरीला हाक मारून तिच्या हातात चढवल्या. मग मला म्हणाली, "पयल्याच दिवशी सांगायचं हुतंस की गं येडे. मी काय परकी हाय?" आणि पोळ्या लाटायला लावलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, ह्यांना सांगू नका. त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून एकेक करत सगळे पुरे झाले, आणि आज हा दाखला.

आता ती खोडलेली पाचवी ओळ. ती तुमच्या नावाची होती. तुमचे हात थरथरायला लागले त्या वर्षी तुम्ही मला मोरपंखी खण दिला होतात. "माझा एक शिव की, तुझ्या हातचा घालू दे." मी एक बाही लावली आणि गिऱ्हाइकांच्या कामात ठेवून दिला. तुमचा काय, घरचाच, कधीही होईल. मग साताऱ्याच्या दवाखान्यात भेटायला आले, तर तुम्ही विचारलंत, झाला का गं माझा ब्लाउज? मी तुमचा हात हातात घेऊन म्हणाले, झाला बाई, फक्त हुक लावायचेत. तुम्ही हसलात. चौथ्या दिवशी गेलात, दुसऱ्याच कुणाच्या हातचा ब्लाउज घालून.

हे पत्र कुठं पाठवणार? लिहून झालं की त्या खणाच्या घडीत ठेवीन आणि घडी कपाटात. मघाशी दाखला घेऊन आल्यावर सगळ्यात आधी तो खण बाहेर काढला होता. इतक्या वर्षांत रंग तसाच आहे, घडीवर जरा विरलाय. दुसरी बाही कापून ठेवलेली होतीच, खांद्याच्या मुंढ्याला बरोबर बसली. दवाखान्यात सांगितलं ते तेव्हा खोटं होतं, बाई. आज खरं झालंय. ब्लाउज झालाय तुमचा. फक्त हुक लावायचेत.