तेल्हाऱ्यातला दवाखाना

बाबा, गेल्या महिन्यात मी आपल्या तेल्हाऱ्यात दवाखाना उघडला. गाय, म्हैस, शेळी, कुत्रं, दारात येईल ते. तुम्ही असता तर चिडला असता. पाटी लावताना आई तेच म्हणाली आणि आत जाऊन रडली.

मी सातवीत होते तेव्हाची एक दुपार आठवते. गावचे गुरांचे डॉक्टर तुम्ही, कुणाच्या तरी गोठ्यातून आलात आणि मोरीत खांद्यापर्यंत हात धूत राहिलात. आईनं चुलीजवळ ताट वाढलं, तुम्ही भाकरीचा तुकडाही मोडला नाही. गाय अडली होती, वासरू पोटात आडवं होतं. सकाळपासून हात घालून तुम्ही ते वळवायला बघत होतात, आणि दोन्ही गेली. मी विचारलं, "पोट फाडून काहून नाही काढलं, बाबा?" आई माझ्यावर ओरडली. तुम्ही म्हणालात, "बोलू दे तिले. मले नाही येत न, पोरी. मले सगळ्यातलं थोडं थोडं येते. तू एकच शीक, पण पुरं शीक."

मी शिकले. अकोल्यात जनावरांच्या शस्त्रक्रियेला प्रवेश मिळाला. अजून डोळ्यांपुढं आहे: तिथल्या जठारपेठेतल्या माझ्या खोलीवर तुम्ही आला आहात, मी एका कुत्र्याच्या जोडलेल्या पायाचा एक्स-रे तुमच्या हातात देते. तुम्ही तो खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघता. "हे तू केलं?" मी हो म्हणते. तुम्ही तो जपून पाकिटात घालता. "चांगलं झालं. तुले आता शेणात लोळा लागत नाही." त्याच वर्षी हिवाळ्यात तुम्ही गेलात, गोठ्यातच, काम करता करता छातीत कळ येऊन.

मग मी अमरावतीला कुत्र्यामांजरांच्या मोठ्या दवाखान्यात हाडांची डॉक्टर झाले. बडनेऱ्याहून, अकोल्याहून लोक माझं नाव विचारत यायचे. तुम्हाला हवं होतं ते सगळं झालं. बरीच वर्षं झाली त्यालाही.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या गावचे म्हशीवाले चाचा टेम्पो घेऊन दारात उभे राहिले. म्हैस अडली होती. अकोला जवळ पडलं असतं, पण मी तुमची लेक, म्हणून ते थेट माझ्याकडे आले. मी टेम्पोत चढून पाहिलं, तर ती वाटेतच संपली होती. माझा आवाज चढला. "इतक्या लांब काहून आणलं, चाचा? तिथंच पोट उघडलं असतं तर वाचली असती."

ते तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. "कोन उघडते तिथं, बेटा? डॉक्टरसाबले पोट फाडता नव्हतं येत. पर आते तो थे."

मी एक्स-रेच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि रडले. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, इतकं शिकून आता जंताची औषधं पाजणार का म्हणाले. तरी मी निघून आले. परवा इथल्या एका गोठ्यात मी पहिल्यांदा गाईचं पोट उघडलं. वासरू जगलं, गाय संध्याकाळपर्यंत टिकली नाही. पुरं शिकूनही, बाबा.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून खरं लिहिते. गावात म्हणतात, पोरगी जनावरांसाठी परत आली. मी नाही म्हणत नाही. पण अमरावतीत तुम्हाला पाहिलेलं एकही माणूस नव्हतं. इथं रोज कोणी ना कोणी तुमची आठवण काढतं. तेवढं ऐकायला आले मी. आईला हे अजून सांगितलं नाही.