कापूसचं डोकं आणि माझा हात

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (नुसता लिहायचा म्हणून नाही, या वेळी खरोखर आडवा पडलोय असं समज. कारण पुढे येईलच.) तुझा नवा गुडघा काय म्हणतो? वॉकर घेऊन चालतेस, की अजून लेकीकडे पलंगावर बसून ताईवर डाफरत असतेस? इकडे सगळे मजेत. कापूसही मजेत आहे. त्याच्या डोक्याला थोडंसं लागलंय, एवढंच. लगेच बॅग भरायला घेऊ नकोस. या कुत्र्यापायी तू ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललंस, आता अर्ध्यात पळून आलीस तर दोन-दोन पेशंट सांभाळायची माझी ताकद नाही.

झालं असं की, तुझ्या चार पानी सूचना पाळून मी त्याला दिवसभर सलूनमध्ये डोळ्यांसमोर ठेवत होतो. बाकाखाली जागा आहे, पंख्याखाली आहे, मी जुना टॉवेलही अंथरून दिला होता. पण साहेबांनी झोपायला जागा कुठली निवडावी? गिऱ्हाइकाच्या खुर्चीला पाय ठेवायची जी लोखंडी पट्टी असते, बरोबर तिच्या खाली. मंगळवारी खुर्चीत आपले वकीलसाहेब होते. (माणूस देवासारखा, फक्त वजन तीन देवांचं.) दाढी झाली, ते उठायला म्हणून हलले, खुर्ची खट्‌कन खाली बसली आणि पट्टी कापूसच्या डोक्यात लागली. कापूस ओरडला. वकीलसाहेब त्याच्याहून मोठ्यांदा ओरडले. बाकावरची तिन्ही गिऱ्हाइकं ‘अरे धरा, धरा’ करत राहिली आणि जागची हलली नाहीत. मी त्याला टॉवेलात गुंडाळून पळालो.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला विचारलं, वागण्यात काही फरक वाटतो का? हाक मारल्यावर येतो का? जास्त झोपतो का? उगाच भिंतीकडे बघत बसतो का? आता काय सांगणार, कप्पाळ? माझ्या हाकेला तो जन्मात आलेला नाही, झोपणं हा त्याचा पिढीजात धंदा आहे, आणि भिंतीकडे बघत तो तुझी मालिका लागायची वाट बघत असतो. मी म्हटलं, पहिल्यापासून असाच आहे. डॉक्टरांनी कुत्र्याऐवजी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग म्हणाले, दोन टाके पडतील, जखमेभोवतीचे केस काढावे लागतील.

इथपर्यंत माझी काही चूक असेल तर दाखव. पुढे त्यांच्या मदतनीस बाईंनी जे मशीन बाहेर काढलं, त्याला धार हा प्रकारच नव्हता, आणि बाईंनी ते धरलं होतं लाटण्यासारखं. बावीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाने हे उघड्या डोळ्यांनी बघायचं? म्हटलं, बाई, सरा बाजूला. दोन बोटं जागा अशी स्वच्छ करून दिली की खुद्द डॉक्टर ‘वा’ म्हणाले. हा ‘वा’ मला भोवला.

कारण दुकानात आणून बघतो तर डावीकडे टक्कल आणि उजवीकडे झुबका. असलं डोकं घेऊन माझ्या दुकानातून आजवर कोणी बाहेर पडलेलं नाही. उजवी बाजू सारखी केली. तर कान मोठे दिसायला लागले. कानांचे केस उतरवले, तर डोकं एवढंसं आणि अंग भलंमोठं, थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखं. मग कोटही उतरवला. शेपटी मी मुद्दाम ठेवली होती, पण ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटायला लागली. त्या सगळ्या केसांच्या आत इतकंसंच कुत्रं होतं, हे तुला माहीत होतं का? गुरुवारी वकीलसाहेब आले, त्याच्याकडे बघून म्हणाले, ‘नवीन आणलंत वाटतं? बरं केलंत. आधीचा फार गुणी होता हो,’ आणि दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहिले.

बाकी सर्व ठीक. ताईला नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझाच,
भाचा

ता. क. केस पहिल्यासारखे व्हायला तीन महिने लागतील असं डॉक्टर म्हणतात. गुडघ्यालाही तीन महिने पूर्ण विश्रांती उत्तम, असं मी कुठेतरी वाचलंय. घाई करू नकोस.

आणखी एक ता. क. वकीलसाहेब हलले नव्हते. खुर्ची खाली घ्यायचा खटका मीच दाबला, खाली न बघता. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटचा ता. क. ‘व्यवस्थित जेवतो’ असं वर लिहिणार होतो, लिहवलं नाही. टाके सुकलेत, डोकं ठणठणीत आहे, पण पाच दिवस धड खात नाही. डॉक्टर म्हणतात, घरचं माणूस आठवत असेल. रस्त्यावरून कुणी काठी टेकत गेलं की दाराशी धावतो, बघतो, आणि परत येऊन पडतो. मला बघवत नाही गं. रविवारी (हो, रविवारी, सलूनवाल्याने!) दुकान बंद ठेवून त्याला घेऊन येतोय. तुझ्या जावयांना कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात हे माहीत आहे, पण आता केस राहिलेत कुठे? घंटा वाजली की ताईला उठू देऊ नकोस, दार तूच उघड. तुला दारापर्यंत यायला वेळ लागेल. आम्ही थांबू.