कॅसेटमधली बासरी

उदगीर, ५ ऑगस्ट १९९४

ती. दादांस जयवंताचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या विशीतल्या गाण्यांच्या कॅसेटी आता इथं बसस्टँडवरसुद्धा मिळतात. माझ्या विक्रमबरोबर एक पाठवतेय. तुमचं बासरीवालं गाणं पहिलंच आहे. ते रेडिओवर लागलं की आम्हाला श्वासही जपून घ्यावा लागायचा!

एक विचारते, रागावू नका. परवा एसटीडीवरून फोन करून सासूबाई पडल्याचं सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, वा, छान झालं! ह्यांना मी सांगितलं, दादा फार हळहळले. असं का बोललात?

वहिनींना नमस्कार. धाकटीवर माया असू द्या.

आपली,
जयवंता


अंबरपेठ, हैदराबाद, २२ ऑगस्ट

प्रिय जयवंता वन्सं, सप्रेम नमस्कार.

कॅसेट पोचली. ह्यांनी आवाज एवढा वाढवला, की वरच्या मजल्यावरची तेलुगू बाई पळत खाली आली. तरी ह्यांचं एकच, कॅसेट नकली आहे, बासरी गाळलीय. दुसऱ्या दिवशी कोठी बाजारातल्या कॅसेटवाल्याकडे भांडायला गेले. त्यानं आपल्या मोठ्या मशीनवर लावून दाखवली. मग हळूच म्हणाला म्हणे, बज रई ना साब, आपकू सुनाई नै आ रई क्या? दुकानातली माणसं माना डोलावत होती.

घरी येऊन न जेवता बसून राहिले. मग म्हणाले, शोभा, मला वाटायचं हल्ली लोकच हळू बोलतात. तुमच्या फोनचं सांगितल्यावर तर फार ओशाळले.

डॉक्टर म्हणतात, जन्म कारखान्यात यंत्रांजवळ गेला, त्यानं कान गेले. कानात यंत्र घाला. हे म्हणतात, म्हातारा दिसेन. तुम्ही जरा रागावून लिहा. तुमचं ऐकतील.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू द्या.

तुमची,
शोभावहिनी


अंबरपेठ, १ ऑक्टोबर

चि. जयवंतास अनेक आशीर्वाद.

तुझं रागावणं पोचलं. यंत्र घेतलं. तुझ्या सासूबाईंची माफी फोनवर मागेन, आता त्या काय म्हणतात तेही ऐकू येईल.

पहिल्या दिवशी परेशान झालो. रिक्षा, कुकर, शेजारची केबल, सगळं एकदम डोक्यात. दार लावून तुझी कॅसेट लावली. बासरी आली गं. पण पत्र्यावर खिळा ओढावा तशी. माझ्या विशीतली ती नव्हे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

कॅसेट बंद केली तर स्वयंपाकघरातून गाणं ऐकू आलं. तुझी वहिनी पोळ्या लाटताना गात होती. त्याच काळातलं गाणं, शब्द चुकलेले, सुराचं तर विचारूच नकोस. लग्नानंतर एकदा ती गुणगुणली होती, तेव्हा मी, रेडिओ ऐकू दे, म्हणालो. त्यानंतर कधी गायली नाही. मला ऐकू येईनासं झाल्यावर सुरू केलं असावं. काय मोकळी गाते! मी दारात गेलो तर गप्प.

म्हणून आता संध्याकाळी यंत्र काढून ठेवलं असं सांगतो, टोपी कानावर ओढतो आणि पेपर तोंडासमोर धरतो. दिवाळीला येशील तेव्हा तिला हे सांगू नकोस.

काल गाता गाता ती अडली, पुढची ओळ आठवेना. माझ्या अगदी ओठावर आली होती. गिळली.

सर्वांना आशीर्वाद. आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा (हिम्मतराव)