हिमायतीची तीन कलमं

१४ डिसें., रवि.
कोठी बाजारातल्या माझ्या पंपांच्या दुकानात गर्दी, हातात गिऱ्हाइकाचा उघडा पंप, आणि श्रीचा फोन. सुधाचा धाकटा भाऊ. सासरे गेल्यापासून चेवेळ्याच्या आंब्याच्या बागेचा मालक. लॅपटॉपवाला मालक!
"भाऊजी, मोठी झाडं, लहान झाडं... सगळ्यांना सारखंच फवारायचं का?"
म्हटलं, "पैलवानाला आणि तान्ह्याला एकच ताट वाढतोस का? मोठ्याला दहा लिटर पाणी, कलमांना एक." ठेवला फोन.
बाकी बाग बेनिशान आंब्याची, तो बाजारात ढिगाने मिळतो. पण कडेची तीन कलमं हिमायत जातीच्या आंब्याची. सासऱ्यांचं झाड वादळात पडलं, तेव्हा त्याच्याच काड्या आणून मी बांधलेली. ते झाड आता दुसरीकडे कुठे नाही.

१८ डिसें.
राखणदार यादय्याचा फोन. "साब, छोटे झाडां जल गये. मैं नक्को बोला, छोटे साब सुने नै."

१९ डिसें.
गेलो. पानं भाजलेल्या पापडासारखी.
श्रीने तक्ता दाखवला. रंगीत! पाण्याचा रकाना झाडाच्या वयाप्रमाणे उतरतो. औषधाचा रकाना सगळ्यांना तोच. म्हणजे दहा लिटरचं औषध एका लिटरात. वर भर दुपारी.
"तुम्ही पाण्याचंच बोललात भाऊजी. औषधाचं नाही."
चहाचं पाणी अर्धं केलं तर साखरही अर्धी, हे याला कुठल्या कॉलेजात शिकवायचं होतं?
घरी सुधा : "वॉशर कसा बसवायचा ते गिऱ्हाइकाला तासभर सांगता. माझ्या भावाला दोन वाक्यं जास्त झाली?"
आमटी अळणी होती. मीठ उठून घेतलं.

५ जाने.
नखाने साल खरवडली. पहिलं कलम आत तपकिरी, म्हणजे मेलेलं. दुसरं तपकिरी. तिसरं वर तपकिरी, सांध्यापाशी किंचित हिरवं. जिवंत असेल. नसेल.
श्री शेजारी उभा. शेतात पांढरे बूट.

११ जाने.
दुसरा फवारा. श्री म्हणाला, "या वेळी लिहून द्या." याला लिहून देऊन काय होणार! स्वतः गेलो. पिंपात औषध एकदाच कालवलं, सगळ्या झाडांसाठी एकाच ताकदीचं. मग झाड बघून फवारा कमी-जास्त. वय विचारायचं नाही, घेर बघायचा. श्री व्हिडिओ काढत होता. समोर झाड असून.
तिसऱ्या कलमाला हात लावू दिला नाही. फवाराही नाही.

८ फेब्रु.
सकाळपासून श्रीचे फोटो. "फुटलं भाऊजी, फुटलं!" सगळे हललेले. काही दिसेल तर शपथ.
दुकान बंद करून गेलो. फुटव्याचा डोळा फुगलाय खरा. पण बरोब्बर सांध्यावर. सांध्याच्या वरून निघाला तर हिमायत. खालून निघाला तर बुडातला रानटी आंबा, ज्याची कैरी गुरंही टाकतात. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं.
"जिवंत आहे ना?" श्री.
गाढवा, कोण जिवंत आहे ते विचार.
सुधाचा फोन आला. काय ते सांगा म्हणाली. म्हटलं, पान उघडू दे, पानावरून कळेल कोण ते.